दुपारी कुणीच झोपत नाही

माणूस दुपारी झोपतो, हे शास्त्रशुद्ध रीतीने सिद्ध करणं किती अवघड आहे, याची कल्पना ज्याने तो उद्योग केलेला नाही त्याला येणार नाही. मी केला आहे. तेव्हा मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, वजनाने आजच्या निम्मी होते आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचं एक तरी कारण असतंच अशा समजुतीत वावरत होते. पुढे संसार झाला आणि ती समजूत गेली. वजनाचं काय झालं ते सांगत बसत नाही.

झालं असं, की आमचे प्रिन्सिपॉल कुठल्याशा परिसंवादाला जाऊन आले आणि येताना एक कल्पना घेऊन आले. इतर माणसं प्रवासाहून सर्दी घेऊन येतात, ती निदान आठवड्यात जाते. त्यांनी जाहीर केलं, की यंदा कॉलेजात विद्यार्थ्यांचा संशोधन मेळावा भरेल. प्रत्येक गटात विज्ञान, समाजशास्त्र आणि साहित्य या तिन्ही शाखांचा एकेक विद्यार्थी हवा. बाहेरगावचे परीक्षक येतील आणि ज्या गटाचा निबंध ते मान्य करतील, त्या गटाला पुढच्या शिक्षणासाठी विद्यापीठाकडे कॉलेजची शिफारस मिळेल.

त्या शिफारशीसाठी माझा जीव टांगणीला लागला होता. कारण आमच्या मोठ्या काकांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाने, माझ्यासाठी त्यांच्या विमा कचेरीत टायपिस्टची एक खुर्ची हेरून ठेवली होती. "पोरगी पदवीधर झाली की चिकटवून टाकू," असं ते म्हणायचे, जसं काही मी पोस्टाचं तिकीट होते. बाबांनी थोरल्या भावापुढे कधी आवाज चढवला नव्हता. पण या वेळी ते एवढं म्हणाले, "दादा, तिचा तो निबंध एकदा ऐकून तर घे." काकांनी बराच विचार केल्यासारखं केलं आणि निकाल दिला, "येतो. ऐकतो. मला पटलं तर शिकू दे. नाही तर टाइपरायटर."

आता विषय हवा होता. तो मला रविवारी जेवणानंतर घरातच सापडला.

बाबा आरामखुर्चीत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर वर्तमानपत्र होतं. पत्र वर जात होतं, खाली येत होतं, आणि खाली येताना अग्रलेखाच्या बाजूने बारीकशी शिटी वाजत होती.

"आई, बाबा झोपलेत ना गं?"

"छे. वाचताहेत."

"तोंडावर पेपर ठेवून?"

"जवळून वाचताहेत," आई म्हणाली आणि ओट्याकडे वळली.

मला तिथेच साक्षात्कार झाला. आमच्या इमारतीत, नात्यागोत्यात, ओळखीपाळखीत दुपारी झोपणारं असं कुणी मी आजवर ऐकलंच नव्हतं. सगळे 'जरा पडायचे', 'पाठ टेकायचे', 'डोळ्यांना विश्रांती द्यायचे', फार तर 'डुलकी लागते की काय असं वाटेपर्यंत जागे असायचे'. मग दोन ते चार या वेळात सगळी इमारत ओस पडलेली का असते? आम्ही विषय ठरवला: दुपारची झोप आणि मध्यमवर्गीय कुटुंब.

आम्ही म्हणजे तिघी. विज्ञान शाखेची जी होती तिला आम्ही थर्मामीटर म्हणायचो, कारण ती तो सतत जवळ बाळगायची आणि कुणी नुसतं शिंकलं तरी त्याच्या तोंडात घालायची. साहित्याची होती ती हुंदका. कविता चांगली असली की ती रडायची आणि वाईट असली तरी रडायची, त्यामुळे तिच्यावरून कवितेचा अंदाज यायचा नाही. समाजशास्त्राची मी. मला तोवर टोपणनाव नव्हतं. ते या संशोधनाने मिळवून दिलं.

पहिला अडथळा हेडक्लार्कच्या टेबलापाशी आला. त्यांनी आमचा अर्ज डोळ्यांपासून लांब धरून वाचला.

"झोप," ते म्हणाले. "हा विषय कुठल्या खात्यात बसतो?"

"तिन्ही खात्यांत, सर."

"तिन्ही खात्यांत बसणारा विषय एकाही फायलीत बसत नाही. तिन्ही विभागप्रमुखांच्या सह्या आणा. आणि दोन ते तीनच्या दरम्यान आणा, तेवढाच वेळ मी मोकळा असतो."

विज्ञानाचे प्रमुख म्हणाले, "यात उपकरण कुठं आहे? उपकरण नसेल तर याला विज्ञान म्हणायचं नाही, चौकशा म्हणायचं." साहित्याच्या बाईंनी विचारलं, "यात वेदना कुठं आहे?" हुंदक्याने तिथल्या तिथे ती दाखवली आणि सही मिळवली. समाजशास्त्राच्या आमच्या मॅडम तेवढ्या खूश झाल्या. "घरोघर जा. माणसांना विचारा. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहा," त्या म्हणाल्या. सगळ्या सह्या घेऊन आम्ही दोन ते तीनच्या दरम्यान गेलो, तर हेडक्लार्क खुर्चीत मान मागे टाकून बसले होते आणि तोंड उघडं होतं. आम्ही बाकावर बसून राहिलो. तीन वाजता त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "वेळ संपली. उद्या या. तुमचाच विचार करत होतो."

अर्ज मंजूर व्हायला पुष्कळ दिवस गेले. दरम्यान आम्ही कामाला लागलो.

आता दुपारच्या झोपेची चौकशी कधी करायची? दुपारी, हे उघड आहे, असं आम्हाला वाटलं. आज हसू येतं. पण तीन शाखांची तीन डोकी एकत्र असूनही एकीच्याही लक्षात आलं नाही, की झोपलेल्या माणसाचं दार वाजवून 'तुम्ही झोपलात का' असं विचारलं, की उत्तर नाहीच असणार. आम्ही सगळी इमारत वाजवून काढली. तळमजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर आजोबा राहायचे. त्यांच्या गालावर उशीच्या नक्षीचा ठसा जसाच्या तसा उमटला होता, पोस्टाच्या शिक्क्यासारखा. "मी? दुपारी? नोकरीत कधी झोपलो नाही, आता कशाला झोपू?" समोरच्या कॅशियरकाकू अर्धा अंबाडा खांद्यावर घेऊन आल्या. "नाही बाई. जरा पडले होते, एवढंच." वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी राहायच्या. त्यांनी दार उघडलंच नाही. आतून म्हणाल्या, "जागी आहे!" आम्ही अजून काही विचारलंही नव्हतं.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीने माझं नाव 'झोपमोड' ठेवलं होतं. माझ्या शिक्षणाची ही पहिली पदवी.

मॅडमनी आमचा तक्ता पाहिला. "झोपणारे: कुणीही नाही. मग तुम्ही संशोधन कशावर करणार?"

"खोटं बोलताहेत, मॅडम."

"असं नाही म्हणायचं. 'माहिती देणाऱ्यांनी वेगळी भूमिका घेतली' असं म्हणायचं. पुन्हा जा. सकाळी जा. दुसरं काही तरी विचारा."

या खेपेला सल्ला द्यायला सगळे तयारच होते. पोस्टमास्तर आजोबांनी प्रश्न कसे विचारावेत यावर मला जिन्यात उभं करून व्याख्यान दिलं. कॅशियरकाकूंनी मात्र खरी वाट दाखवली. त्या इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "हे बघ, मी नाही झोपत. पण वरच्या शिवणवाल्या आहेत ना, त्या झोपतात. मशीन दोनला बंद होतं आणि साडेचारला सुरू होतं. मग मधे काय, दोरा ओवतात?"

वरच्या मावशी म्हणाल्या, "मी? माझ्याकडे कामं पडलीत. पण कॅशियरबाईंचा रेडिओ चालू राहतो बघ. नाटक संपून खरखर सुरू झाली तरी चालूच. जागं माणूस खरखर ऐकेल का?"

पोस्टमास्तर आजोबा म्हणाले, "सगळे झोपतात. माझ्याशिवाय."

मी नवा तक्ता केला. स्वतः झोपतात असं सांगणारे: एकही नाही. शेजारी झोपतात असं सांगणारे: सगळेच्या सगळे. तो तक्ता बघून मॅडम पहिल्यांदा खुर्चीतून उठल्या. "अगं, हे फार मोलाचं आहे," त्या म्हणाल्या. मी तरंगतच घरी आले.

घरात अख्खी इमारत बसली होती.

हा तक्ता बाहेर कसा गेला ते आजवर कळलेलं नाही. हुंदक्यावर माझा संशय आहे. कॅशियरकाकू आणि शिवणवाल्या मावशी दोन टोकांना बसल्या होत्या आणि बाबा मधोमध, चुकून भलत्याच वर्गात आल्यासारखे. बाबा शाळेत गणित शिकवायचे. वर्गात डोळा लागलेल्या पोराच्या बरोब्बर कपाळावर खडू मारण्याबद्दल त्यांची ख्याती होती. निम्म्या गावाच्या कपाळावर त्यांचा खडू बसलेला होता.

"मास्तर, तुमच्या मुलीने माझं नाव झोपाळूंच्यात घातलंय," मावशी म्हणाल्या. "उद्या गिऱ्हाईक म्हणेल, बाई झोपतात, ब्लाउज वेळेवर मिळायचा नाही."

"नावं काढून टाकते," मी म्हणाले. "प्रत्येकाला नुसता क्रमांक देते."

तडजोड सगळ्यांना पटली. मग पहिला क्रमांक कुणाचा यावर वाद सुरू झाला. पोस्टमास्तर आजोबा म्हणाले, की टपाल नेहमी तळमजल्यापासून वाटायला सुरुवात होते. कॅशियरकाकू म्हणाल्या, की आधी आम्ही राहायला आलो. शेवटी मी अक्षरं वापरायचं कबूल केलं. सगळे गेल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "माझं यात काही नको हं. अक्षरसुद्धा नको. शाळेत उभं राहायचं असतं मला."

मी शब्द दिला.

याच सुमाराला थर्मामीटरला उपकरण सुचलं. तिचं म्हणणं असं, की माणसाने पडताना हातात चमचा धरावा आणि हाताखाली जमिनीवर स्टीलची थाळी ठेवावी. डोळा लागला की बोटं सैल पडतात, चमचा थाळीत पडतो, आवाज होतो. झोप सिद्ध! पहिला प्रयोग पोस्टमास्तर आजोबांवर झाला. विज्ञानासाठी ते तयार झाले, एका अटीवर: आपण झोपणार नाही हे आधी लिहून घ्यायचं. आम्ही तिघी दाराबाहेर कान लावून बसलो. थोड्याच वेळात खणकन आवाज आला.

"आजोबा, झोपलात!"

"चमचा मी जाणूनबुजून टाकला," आतून आवाज आला. "थाळी नीट वाजते का ते बघत होतो."

आणि मग इमारतीला नाद लागला. आजोबांचा चमचा पडला हे कळल्यावर, आपला पडत नाही हे दाखवायची प्रत्येकाला ईर्ष्या चढली. कॅशियरकाकूंनी आमटीचा डाव घेतला, कारण चमच्यापेक्षा डाव धरणं अवघड, म्हणून मान जास्त. मावशींनी कात्री घ्यायचं ठरवलं तेव्हा माझ्या आईने जाऊन ती काढून घेतली. पुढचा आठवडाभर रोज दुपारी जेवणं आटोपली की इमारत शांत व्हायची, आणि मग खालून खण्ण, समोरून ठण्ण, वरून खळ्ळ, पुन्हा खालून खण्ण. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून वर बघायची. कल्हईवाला एकदा काम मिळेल म्हणून जिना चढून आला.

प्रत्येक आवाजामागोमाग खुलासा यायचा. "हात घामेजला होता!" "माशी बसली!" "मांजर!" मांजर कुणाकडेच नव्हतं.

हुंदक्याला स्वप्नं जमवायची होती. पण न झोपणाऱ्या माणसांना स्वप्नं कशी विचारणार? म्हणून तिने प्रश्न बदलला: पडल्यावर मनात कोणते विचार येतात? कॅशियरकाकू खुलल्या. "काल ना, मनात आलं, की मी ह्यांच्या बँकेत गेले आहे आणि तिथे सगळ्यांना शेपट्या आहेत. मॅनेजरची सगळ्यात झुबकेदार."

"हा विचार होता, काकू?"

"विचारच की. डोळे मिटून केला."

मेळाव्याचा दिवस उजाडला. आमचा निबंध जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच होता. वेळापत्रक हेडक्लार्कनी केलं होतं, आणि त्यांनी ते मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. ते तेव्हा बहुधा आमचाच विचार करत असतील. हॉल भरला होता. पंखे घुं घुं करत होते. दुसऱ्या रांगेत मोठे काका, शेजारी बाबा, त्यांच्या मागे आई. आईच्या आजूबाजूला आमची अख्खी इमारत, आपापल्या अक्षराची अब्रू सांभाळायला आलेली.

मी वाचायला उभी राहिले. प्रस्तावना संपेपर्यंत पहिली रांग गेली. व्याख्या मांडताना प्राध्यापकांची हनुवटी छातीला टेकली. विज्ञानाचे प्रमुख हाताच्या पंजावर गाल ठेवून चिंतनात गेले. उपकरणाच्या वर्णनापर्यंत मी पोचले तेव्हा मोठे काका मागे रेलले होते, आणि त्यांचं घोरणं इतकं संथ आणि नियमित होतं, की मी नकळत त्या तालावर वाचायला लागले. जागे असे चारच होते: आई, बाबा, मॅडम आणि परीक्षक. परीक्षक काटकुळे गृहस्थ होते. ते चुकूनही पापणी लवू देत नव्हते.

मी थांबल्यावर ते म्हणाले, "तुमच्या निबंधात एकही माणूस स्वतः झोपतो असं म्हणत नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याबद्दल सांगितलं, त्याला आम्ही पुरावा म्हणत नाही. त्याला चहाडी म्हणतात."

"पण सर, चमचे पडले."

"चमचे हातातून पडतात. जागेपणीही पडतात. मला एक माणूस दाखवा. एकच, ज्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय."

मी हॉलवर नजर टाकली. अवघा पुरावा माझ्यासमोर माना टाकून बसला होता. पण त्यातल्या कुणाला हलवून विचारलं असतं, तर 'ऐकत होतो' हेच उत्तर आलं असतं. आमच्या इमारतीला नुकतीच जाग येत होती. मी कॅशियरकाकूंकडे पाहिलं. त्यांनी पर्समध्ये काही तरी शोधायला सुरुवात केली. पोस्टमास्तर आजोबा छताकडे बघायला लागले. परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. टक्, एवढाच आवाज झाला. मला तो टाइपरायटरसारखा ऐकू आला.

तेवढ्यात खुर्ची सरकली. बाबा उभे राहिले होते.

वर्गात उत्तर न येणारी पोरं उभी राहायची तसे ते उभे होते, हात दोन्ही बाजूंना सरळ.

"मी झोपतो," ते म्हणाले.

हॉलमध्ये बाबांचे कितीतरी जुने विद्यार्थी होते. हेडक्लार्कसुद्धा त्यांचाच. त्यांचा हात आपोआप कपाळाकडे गेला.

"रविवारी तर झोपतोच. शाळा लवकर सुटली की इतर वारीही झोपतो. तोंडावर वर्तमानपत्र घेतो, म्हणजे वाचतोय असं वाटावं. हिने माझं नाव घेतलं नाही, कारण मी तिला घेऊ नको म्हटलं होतं. लिहून घ्या."

मग मागून आईचा आवाज आला, "घोरतातसुद्धा. तेही लिहा."

परीक्षक पहिल्यांदा हसले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "मान्य," ते म्हणाले आणि मग जरासे पुढे झुकून, फक्त आम्हा तिघींना ऐकू येईल एवढ्याच आवाजात, "मी मात्र नाही हं झोपत."

टाळ्या झाल्या. टाळ्यांनी मोठे काका जागे झाले आणि सगळ्यांपेक्षा जोरात वाजवू लागले. हुंदका रडत होती. बाबा खाली बसले. त्यांचे कान लाल झाले होते, पण त्यांनी शेजारी वळून सगळ्यांसमोर विचारलं, "काय दादा, ऐकलंस ना?"

"म्हणजे काय! शब्द न् शब्द ऐकला."

"मधे डोळा वगैरे नाही ना लागला?"

"माझा?" काका ताठ बसले. "दुपारी? अरे, मी काय—"

"मग पटलं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मागच्या रांगेत कान टवकारून बसलेल्या इमारतीकडे पाहिलं. निबंध कशावर होता हे त्या घडीला त्यांना माहीत असेल असं मला वाटत नाही. पटलं नाही म्हणावं, तर काय पटलं नाही ते सांगावं लागलं असतं.

"पूर्ण पटलं," ते म्हणाले. "फार अभ्यासू मांडणी. विशेषतः मधला भाग."

टाइपरायटरवर नंतर दुसरं कुणी तरी चिकटलं. मी पुढे शिकायला मोठ्या शहरात गेले. जो विषय पुढे आयुष्यभर शिकवला, त्याचा पाया असा कॅशियरकाकूंच्या डावावर घातला गेला. थर्मामीटर डॉक्टर झाली, आणि अजून भेटली की कपाळाला हात लावून बघते. हुंदका आमच्यातून लवकर गेली. त्या दिवशी आम्हा दोघींना रडायचं होतं, पण ते काम आजवर तीच करत आली होती, त्यामुळे आम्हाला नीट जमलं नाही.

बाबांचं मात्र बिनसलं. आता सगळ्या गावाला कळलंच आहे, म्हणून ते दुपारी राजरोस गादी घालून, उशी घेऊन झोपायला लागले. आणि त्यांना झोप येईना. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर व्हायचे, उठून पाणी प्यायचे, चिडचिड करायचे. शाळेत पोरं मुकाट्याने खडू कपाळावर झेलायची आणि गालातल्या गालात हसायची. आईने मला पत्रात लिहिलं होतं, तुझ्या संशोधनाने ह्यांची झोप उडाली.

पहिल्या सुट्टीत मी घरी आले ती दुपारची. जिना चढले. इमारत ओस होती. वरचं मशीन बंद, समोरच्या रेडिओची खरखर चालू. आमचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत बाबा आरामखुर्चीत होते, चेहऱ्यावर वर्तमानपत्र. पत्र वर जात होतं, खाली येत होतं. अग्रलेखाच्या बाजूने ती बारीक शिटी.

मी बॅग हळूच खाली ठेवली, पण बॅगेची कडी जमिनीला लागून खण्ण वाजली. शिटी थांबली.

"कोण आहे?" पेपराखालून आवाज आला. "वाचतोय मी."

"मीच आहे, बाबा," मी म्हणाले. "वाचा तुम्ही."

पत्र क्षणभर स्थिर राहिलं. मग ते सावकाश वर गेलं आणि खाली आलं. मी तिथेच खाली बसले आणि खुर्चीच्या पायाला पाठ टेकून जरा डोळे मिटले. झोपले नव्हते. नुसती पडले होते.